पेढीची कीर्द व लोकांची कीर्द

पनवेलचे श्री. रामशेठ ठाकूर कंत्राटदारीच्या धंद्यांतून पुढें येऊन १९९८ व १९९९ सालीं शेतकरी कामगार पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेले. व्यापाऱ्यांनीं राजकारणांत पडूं नये, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. हिशेब जाणणारीं माणसें लोककारभारास हवींतच. परंतु काम देणारा व घेणारा एकच झाला, तर रस्ता खचल्यावर जाब कोणी कोणास विचारावा? म्हणूनच १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें कलम ९-अ त्या त्या सरकारशीं कंत्राट चालूं असणारास अपात्र ठरवितें. मात्र तें उमेदवाराच्या स्वतःच्या कंत्राटापुरतेंच आहे. यास्तव कोणत्याहि पक्षाचा व्यापारी मत मागावयास आला, तर सुज्ञ मतदारांनीं एवढेंच विचारावें: घरच्या मंडळींचीं सरकारी कंत्राटें भरसभेंत जाहीर कराल काय?