बिल्ला साहेबांनाही हवा



सरकारी नोकरांना सगळीकडे एकाच नमुन्याचे, चिप बसवलेले 'स्मार्ट' ओळखपत्र द्यावे अशी कल्पना अधूनमधून मांडली जाते. आमच्या मेहरूणला तलावाकाठी फिरायला येणाऱ्या मंडळीत हा विषय निघाला, तेव्हा एक नाना पटकन बोलून गेले, "कार्ड कसलंही करा भाऊ, आधी ते गळ्यात तर घालू द्या!" हसण्यावारी गेले, पण सगळी मेख तिथेच आहे.

आपल्याकडे बिल्ला लावायची पद्धत जुनीच. 'चपरास' म्हणजे पट्ट्यावरचा पितळी बिल्ला. तो लावणारा तो चपराशी. एस. टी. च्या कंडक्टरला बिल्ला, भुसावळ स्टेशनावरच्या हमालाला बिल्ला, पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी. म्हणजे उन्हातान्हात उभा राहणारा माणूस कोण, हे लोकांना कळलेच पाहिजे असा दंडक आहे. पंख्याखाली बसणाऱ्याला मात्र "आपण कोण?" असे विचारायची सोय नाही. विचारले तर काम आणखी आठ दिवस लांबते, हे न सांगता सर्वांना ठाऊक आहे.

उलट आपली ओळख पाहा. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच खानदेशात, शहादे तालुक्यातल्या टेंभलीला, रंजना सोनवणे यांना मिळाला. त्यासाठी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या लहानशा गावी आल्या होत्या. तेव्हापासून आपण कार्ड दाखवतोच आहोत. रेशनला दाखवा, बँकेत दाखवा, आता शेतकरी ओळख क्रमांकही काढा. आमची तक्रार नाही. पण खिडकीच्या या बाजूचा माणूस बारा अंकांनी ओळखला जातो आणि त्या बाजूचा नुसता 'भाऊसाहेब' राहतो, याला काय म्हणावे?

नियम नाही असे नव्हे. कार्यालयात ओळखपत्र दर्शनी भागावर लावावे, असे राज्य शासनाने २०१४ साली परिपत्रक काढून सांगितले आणि २०२३ साली पुन्हा बजावले. एकच गोष्ट दोनदा बजवावी लागते, यातच काय ते आले. कार्ड असते, पण खिशात, ड्रॉवरात, नाहीतर गळ्यात असूनही उलटे.

हा काही मानापमानाचा प्रश्न नाही. वारस लावायचा अर्ज दिलेल्या माणसाला महिन्याने विचारा, "कागद कोणाकडे दिला?" उत्तर येते, "त्या दुसऱ्या टेबलावरच्या चष्मेवाल्या भाऊसाहेबांकडे." पुढच्या खेपेला चष्मेवाल्यांची बदली झालेली असते आणि कागदाचा वाली कोणी नसतो. विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा २००५ सालचा आहे. एका कर्मचाऱ्याकडे नस्ती कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड सांगितला आहे. कायदे चांगले आहेत हो! पण सात दिवस मोजायचे कोणाच्या नावावर? चष्म्याच्या?

त्यात आता कार्यालयात कायम नोकर किती आणि एजन्सीमार्फत आलेले कंत्राटी किती, हे कळत नाही. शेतावर येणाऱ्यांचे तर विचारूच नका. केळीची पाहणी करायला मोबाईल घेऊन कोणी येतो, मीटर पाहायला दुसरा येतो. तो सरकारचा, विमा कंपनीचा की ठेकेदाराचा? बाई एकटी घरी असली तर तिने कोणत्या भरवशावर दार उघडावे?

चिपबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मंत्रालयाच्या फाटकावर किंवा हजेरीला तिचा उपयोग होईल, तो करावा. पण चिप वाचायचे यंत्र आपल्यापैकी कोणाकडे आहे? आपल्याला चार हात लांबून, चष्म्याशिवाय वाचता येतील अशी मराठी अक्षरे पाहिजेत. नाव, हुद्दा, खाते, आणि कायम की कंत्राटी. सगळ्या खात्यांचा नमुना एक, म्हणजे खोटे कार्ड चटकन ओळखू येईल.

कर्मचाऱ्यांची बाजूही खरी आहे. लोक मोबाईल रोखून बोलतात, विशेषतः भगिनी कर्मचाऱ्यांना त्याचा त्रास होतो. शिवाय आडनाव वाचून जात हुडकणारे आपल्यातच बसलेत, हे कशाला लपवायचे? म्हणून पूर्ण नावाचा आग्रह मी धरणार नाही. पहिले नाव, हुद्दा आणि कंडक्टरसारखा क्रमांक एवढे पुरे. घरचा पत्ता, फोन मुळीच नको.

आता आपल्या घरचे बघू. स्लिपबॉय दरवर्षी बदलतात. काट्यावर रात्रपाळीला कोण होते, हे वजनाची तक्रार करताना सभासदाला सांगता येत नाही. तोडीची पाळी मागेपुढे झाली की गट ऑफिसात ज्याच्याशी बोललो त्याचे नाव आठवत नाही. सरकारला शहाणपण शिकवताना आपला काटा उघडा ठेवून कसे चालेल?

तेव्हा येत्या गळिताआधी शेतकी, काटा आणि हिशेब या तीन खात्यांतील सर्वांना, हंगामी असोत की कायम, वर सांगितल्याप्रमाणे ओळखपत्र द्यावे आणि ते कामावर समोर दिसेल असे लावावे, तसेच वजनाच्या पावतीवर काटा कारकुनाचा क्रमांक छापावा, असा ठराव वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांत अध्यक्षांच्या परवानगीने मी मांडणार आहे. सूचक मी आहे. अनुमोदक पाहिजे, ज्यांची तयारी असेल त्यांनी सभेआधी गट ऑफिसात नाव द्यावे, आणि ते कोणी लिहून घेतले तेही विचारून ठेवावे.

— एक ऊस उत्पादक सभासद, मेहरूण