माथेरानची वाट

माथेरानच्या डोंगरावर प्रवाशांच्या मोटारींना मनाई आहे. दस्तुरी नाक्यापाशी गाड्या थांबतात आणि पुढे जांभूळ, अंजन, हिरडा यांच्या गर्द छायेतून तांबड्या मातीच्या वाटा सुरू होतात. पावसाळ्यात कस्तुराची शीळ दुरून स्पष्ट ऐकू येते, ती भोंगे नाहीत म्हणूनच. ही शांतता राखली पाहिजे, याविषयी दुमत नाही.

परंतु ज्याचे पाय चालत नाहीत, त्याने काय करावे? गुडघे धरलेल्या आजीबाईने, चाकांच्या खुर्चीवरून शाळेस जाणाऱ्या मुलाने नाक्यावरूनच परतावे काय? अशी माणसे थोडी नव्हेत. २०११ च्या जनगणनेत हालचालीस बाधा असलेल्या ५४ लाखांहून अधिक व्यक्तींची देशात नोंद झाली.

माथेरानात पुष्कळ वर्षे याचे उत्तर हातरिक्षा हेच होते. एकाने आत बसावे, दुसऱ्याने पुढून ओढावे, चढावर आणखी कोणी मागून रेटावे. बसणाऱ्यास संकोच, ओढणाऱ्यास धाप! ही रीत सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. आणि ओढणाऱ्यांचा चरितार्थ बुडू नये म्हणून विजेवरील रिक्षा त्यांनाच देण्याविषयी सांगितले. निर्णय उत्तम झाला.

तरी प्रश्न अर्धाच सुटतो. रिक्षा वस्तीपर्यंत पोचवील. रान त्यापुढे आहे. शार्लोट तलावाकडे आणि कड्यांकडे जाणाऱ्या वाटा पावसाने धुपतात, मुळे व गोटे उघडे पडतात. तेथे चाक अडते.

मग सगळीकडे ठोकळ्यांची फरसबंदी करावी काय? मुळीच नाही. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठोकळे बसवावेत, रानवाटांवर मात्र बसवू नयेत, असे त्याच निकालात आहे आणि ते योग्यच आहे. जांभ्याची माती नीट धुमसून घट्ट केली, कडेने पाण्यास चर ठेवला, तरीही चाक चालते. सर्व वाटांचे नको. एका वाटेचे तरी असे करावे. रुंदी ५ फूट पुरे. १२ फूट लांबीत १ फुटाहून अधिक चढ नसावा आणि मध्ये मध्ये सपाट जागा असावी. कारण खुर्ची हातांनी लोटणाऱ्याचे दंड लवकर भरून येतात. कड्यापाशी कठडा हवाच, पण तो जाळीचा असावा. भरीव भिंत बांधली, तर उभ्या माणसास दरी दिसते आणि बसलेल्यास नुसती भिंत!

वाट जमली की नाही, हे काम चालू असतानाच एखाद्या खुर्चीवरून जाणाऱ्यास विचारावे. राहिलेला उंचवटा तेव्हाच काढून टाकता येतो.