ऋद्धिपूर आणि मराठीचे क्षेत्र

मराठी वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत ऋद्धिपूरचा उल्लेख येतो तो बहुधा एका वाक्यापुरता. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील या गावी, वाजेश्वरी नावाच्या स्थानी, म्हाइंभटाने इ. स. १२७८च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले, एवढे नोंदवून इतिहासकार पुढच्या शतकाकडे वळतो. मराठी भाषा विद्यापीठासाठी २०२३ साली शासनाने हेच गाव निवडले, तेही मुख्यतः आद्य गद्यग्रंथाचे जन्मस्थान म्हणून. निवड उचितच होती. परंतु जन्मस्थान म्हटले की जन्माची नोंद पुरेशी वाटू लागते, आणि त्या ठिकाणी पुढे सात शतके काय चालत आले आहे हा प्रश्न मागे पडतो.

महानुभाव यात्रेकरूच्या लेखी ऋद्धिपूर हे प्रथम गोविंदप्रभूंचे गाव आहे. पंथाच्या पंचकृष्णांपैकी हे चौथे, चक्रधरांचे गुरू. त्यांचे चरित्र वाचताना अवताराविषयीच्या रूढ अपेक्षा टिकत नाहीत. हे राऊळ गावभर हिंडतात, मुलांप्रमाणे खेळतात, रागावतात, कोणाच्याही घरी शिरून जेवतात, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतही जातात. ब्राह्मण तक्रार करतात. गाव मात्र त्यांना वेडा म्हणता म्हणता आईबाप मानते. उपदेश जवळजवळ नाहीच. आहेत त्या केवळ कृती, आणि प्रत्येक कृतीला एक जागा आहे. विहीर, ओसरी, वेस, देवळाची पायरी अशा जागांवर आज ओटे आहेत, आणि यात्रेकरू माथा टेकतो तो या ओट्यांवर. पंथाच्या विचारात ईश्वराच्या असन्निधानी साधकाला चार आधार सांगितले आहेत: स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक. त्यांपैकी स्थान म्हणजे अवताराच्या चरणस्पर्शाने संबंध पावलेली भूमी. तेथे प्रतिष्ठापिलेल्या मूर्तीपेक्षा घडलेल्या प्रसंगाला महत्त्व आहे.

म्हणूनच 'स्थानपोथी'सारखा ग्रंथ निर्माण होऊ शकला. कोणते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूस कोणती लीळा झाली, याची ती बारकाईची नोंद आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ती रुक्ष वाटते. यात्रेकरूला ती हातात धरून चालता येते. गोविंदप्रभूंचे चरित्र आणि ऋद्धिपूरची भूमी ही परस्परांची भाष्ये आहेत, आणि त्यांपैकी एकच वाचणारा निम्मा ग्रंथ वाचतो. महदंबेचे धवळे हे त्याचे आणखी एक उदाहरण. आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून ते संग्रहांत छापले जातात. पण ते गायिले गेले गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी, याच गावात. प्रसंग काढून घेतला की उरते ती केवळ कालानुक्रमातील अग्रता.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट भाषेची आहे. संस्कृतात ग्रंथरचना करू पाहणाऱ्या पंडित शिष्याला नागदेवाचार्यांनी अडवले, कारण त्यामुळे साध्या बायाबापड्या वंचित झाल्या असत्या, हा 'स्मृतिस्थळा'तील प्रसंग सर्वज्ञात आहे. लोकभाषेचा विजय म्हणून तो नेहमी सांगितला जातो. त्याचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. पंथ पुढे पंजाबात पोहोचला, तेथे जयकृष्णी या नावाने ओळखला गेला, आणि मूळ ग्रंथांची मराठी त्याने सोडली नाही. ज्या भाषेची निवड सर्वांना कळावे म्हणून झाली, ती पंजाबी अनुयायाला प्रयत्नाने शिकावी लागणारी धर्मभाषा झाली. मराठीच्या वाट्याला इतरत्र क्वचितच आलेली ही अवस्था आहे. लोकभाषा आणि शास्त्रभाषा हे द्वंद्व ठरलेल्या खणांत मांडणाऱ्यांनी या एका उदाहरणापाशी तरी थांबायला हवे.

विद्वानांचा आणि पंथाचा संबंध फारसा सुखाचा राहिलेला नाही. सकळ लिपीचा 'उलगडा' विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी केला असे अभ्यासक म्हणतात. ज्या मठांत ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली जात होती, तेथे ती अज्ञात केव्हा होती? १९७८ साली वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' प्रसिद्ध झाले आणि अनुयायांच्या आक्षेपांमुळे वादात सापडले. कोलत्यांचे महानुभाव साहित्यावरील ऋण निर्विवाद आहे, आणि पाठचिकित्सेचा अधिकार सोडणेही परवडणारे नाही. मूळ पोथ्या धामधुमीत गेल्यावर स्मरणातून पुन्हा उभा राहिलेला, निरनिराळ्या पाठांनी आलेला हा ग्रंथ चिकित्सेवाचून वाचताच येत नाही. पण ते पाठ ज्यांनी राखले त्यांना केवळ पोथ्यांचे रखवालदार समजणे ही विद्यापीठीय वृत्ती चिकित्सेहून वेगळी आहे, आणि ती सोडण्याजोगी आहे.

ऋद्धिपूरच्या विद्यापीठाने पहिली निकड कोणती मानावी? इमारती आणि गौरवग्रंथ होतीलच. सकळ आणि इतर सांकेतिक लिप्या मठातील वाचकांकडून शिकून घेणारा वर्ग, पंजाबातील मठांत असलेल्या पोथ्यांची त्या मठांच्या संमतीने सूची, आणि 'स्थानपोथी' हातात घेऊन गावातील ओट्यांची एकदा नीट केलेली पाहणी, ही कामे आधी व्हावीत. जुनी मराठी अडखळत का होईना वाचणारे पंजाबी यात्रेकरू आजही त्या ओट्यांवर येतात. त्यांच्या शेजारी बसून एखादी लीळा ऐकणे हा अभ्यासक्रमाचा भाग व्हायला कोणतीही अडचण दिसत नाही.