रस्त्याचा थकवा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने डांबराची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. पण रस्ता सर्वांच्या पैशाने होतो. मग त्यावर बोलण्याचा मक्ता एकट्या इंजिनियरांकडे का असावा?

रस्ताही थकतो. चाक वरून गेले की डांबराचा थर किंचित वाकतो, त्याच्या तळाला ताण बसतो, चाक पुढे गेल्यावर तो सुटतो. एकदा-दोनदा काही बिघडत नाही. लाखो वेळा हेच झाले की तळाशी केसासारखी चीर पडते आणि वर सरकत येते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. आसावरचा भार दुप्पट केला तर नुकसान सुमारे १६ पट होते, असा तिचा निष्कर्ष निघाला. जादा माल भरलेला ट्रक कोणाच्या पैशावर धावतो, हे त्यावरून समजावे!

आता ‘वॉर्म मिक्स’ आले आहे. नेहमीचे मिश्रण १५०-१६० अंशांपर्यंत तापवावे लागते. त्यात विशिष्ट मेण, झिओलाइट किंवा रसायन थोडेसे घातले की २० ते ४० अंश कमी उष्णतेवरही डांबर खडीला नीट माखते. इंधन वाचते, धूर कमी होतो. पायाला गोणपाट बांधून त्या धुरात फावडे मारणाऱ्या मजुराला विचारा, ही गोष्ट लहान आहे काय? मला तरी एवढ्यासाठीच ही पद्धत हवी आहे.

पण असा रस्ता लवकर थकेल का? उत्तर एकेरी नाही. कमी तापल्याने डांबर कमी म्हातारे होते, लवचीक राहते, हे चांगलेच. उलट खडी पुरती सुकली नाही, तर आतल्या ओलीने डांबराची पकड सुटते. मेणामुळे कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळही होऊ शकते. आमच्याकडे भीती थंडीची नाही, पावसाची आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ साली या मिश्रणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा नवखेपणाची सबब आता चालणार नाही. माझे म्हणणे असे की, पुरवठादाराचे माहितीपत्रक पाहून द्रव्य निवडू नये. कामावर येणार त्याच खाणीची खडी घेऊन दोन्ही मिश्रणांच्या पट्ट्या कराव्यात. त्या प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाकवाव्यात, काही आधी पाण्यात भिजवून. ताठपणा निम्म्यावर येईपर्यंत किती वेळा वाकल्या, तो आकडा रस्त्याच्या पाटीवर लिहावा. पाटीवर जागा नसेल, तर उद्घाटकांची दोन-चार नावे गाळावीत.