सुईच्या अग्रावर

थकवा हा एकच आजार असा, की आपण तो सांगितला की ऐकणारा सहानुभूती दाखवण्याऐवजी "मलाही आहे" म्हणतो. आमच्या बँकेत तर तो काउंटरच्या दोन्ही बाजूंना आहे. मी तक्रार केली मात्र, कॅशमधल्या जोशींनी ॲक्युपंक्चरवाल्याचा पत्ता दिला. वर, "अहो, आपले सोलापूरचे डॉ. कोटणीससुद्धा चीनला गेले होते!" गेले होते, १९३८ साली. पण जखमींवर शस्त्रक्रिया करायला. सुया टोचून घ्यायला नव्हे.

सुईतज्ज्ञ म्हणाले, "शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहते. ती तुंबली की माणूस थकतो." तिचे मार्ग चौदा, बिंदू ३६१. त्यांतला गुडघ्याखाली चार बोटांवरचा 'झूसान्ली' थकव्यावर नामी. तो टोचला की दमलेला माणूस आणखी तीन 'ली' चालतो, अशी आख्यायिका. तीन ली म्हणजे जेमतेम दीड किलोमीटर. तेवढं तर मी बस चुकली की सुईवाचून चालतो!

तरी मला बरं वाटलं, हे कबूल. वीस मिनिटं कुणी पासबुक पुढे करत नाही, म्हटल्यावर वाटणारच. आता हे श्रेय सुईचं की पडून राहण्याचं? अशी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. ॲक्युपंक्चरवाले ती थेट सुईच्या नावावर जमा करतात. चाचण्यांत तर आत न शिरणाऱ्या खोट्या सुयांनीही लोकांना बरं वाटतं. खऱ्याखोट्यांतला फरक पुष्कळदा थोडकाच निघतो.

सोबत चिनी पुड्याही होत्या. "वनस्पतीच आहेत, अपाय नाही." अहो, धोत्राही वनस्पतीच! बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बारीक होण्याच्या गोळ्यांत भलतीच चिनी वनस्पती पडली आणि शंभरएक बायकांची मूत्रपिंडं कामातून गेली.

एवढ्यावर मी पैसे बुडीत खाती टाकून गप्प बसलो असतो. पण जोडीला सवलत होती, म्हणून हिलाही नेलं. नाडी पाहून निदान झालं : 'ची' कमी. दहा बैठका झाल्या. "बरं वाटतंय हो," ही म्हणायची. वाटेल नाही तर काय? लग्नानंतर दिवसाउजेडी प्रथमच वीस मिनिटं आडवी झाली होती!

अकराव्या खेपेला ही जिन्यातच बसली. आमच्या जुन्या डॉक्टरांनी एकच सुई टोचली, रक्त काढायला. हिमोग्लोबिन निघालं सात.

माझं भांडण आहे ते इथे. थकवा म्हणजे नुसती बाहेरची पाटी. आत रक्तक्षय बसलाय, थायरॉइड बसलंय की मधुमेह, हे दार उघडून बघायचं सोडून हे लोक पाटीलाच टोचत बसतात. आणि बरं वाटत राहतं, म्हणून आपणही दोन महिने दार उघडत नाही.

आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत. सुया गेल्या, वीस मिनिटं मात्र आम्ही ठेवून घेतली. दुपारी ही पडते, सुट्टीच्या दिवशी भांडी मी घासतो. हल्ली मला फार थकवा येतो. पण बोलत नाही. जोशी ऐकतील.