स्कॅन झाले, पण सापडणार कसे?

पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून त्यातले कागद स्कॅन करणे निकडीचे आहे, यात दुमत नाही. पण इतकी लाख पाने स्कॅन झाली म्हणजे दप्तर लोकांना खुले झाले, ही समजूत मला घातक वाटते. ज्या फाइलला रुमाल क्रमांकापलीकडे ओळखच नाही, ती घरबसल्या उघडता आली तरी हवी तेव्हा सापडत नाही. तारीख, गाव, पत्र कोणी कोणाला लिहिले आणि कशाबद्दल, एवढे नोंदवायलासुद्धा मोडी वाचणारा माणूस लागतो. नुसती लिपी येऊनही भागत नाही. पत्रातला ‘छ’ आणि त्यापुढचा आकडा म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख. साल सुहूर, तेही अरबी संख्याशब्दांत. त्यावरून इसवी तारीख काढणे हे वेगळे कसब आहे. गो. स. सरदेसाईंनी १९३०च्या दशकात याच दप्तरातून निवडक पत्रांचे ४५ खंड काढले. अभ्यासक आजही आधी त्या खंडांकडे वळतात, कारण ती पत्रे कोणीतरी वाचून, देवनागरीत उतरवून, तारखा लावून ठेवली आहेत. आणि ही गरज केवळ इतिहासकारांची नाही. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा सरकारी कचेऱ्यांतले जुने कागद वाचायला मोडी जाणकारांची गरज पडली. छंद म्हणून बाजूला सारलेली विद्या लोकांच्या जातीच्या दाखल्यांशी जोडलेली निघाली.

आता यंत्रच मोडी वाचेल, असे यावर सांगितले जाते. २०१४मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, ही मोठीच सोय झाली. पण हात न उचलता, शब्दांत अंतर न सोडता लिहिलेले, कारकुनागणिक वळण बदलणारे पत्र वाचायला यंत्राला शिकवायचे, तर आधी माणसांनी असंख्य पाने अचूक वाचून द्यावी लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वाळवी, पूर, आग थांबत नाहीत, आधी स्कॅन करा, सूची मागाहून. ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला आठवला की ही भीती अनाठायी म्हणवत नाही. क्रम मला मान्य आहे. पण ‘मागाहून’साठी अंदाजपत्रकात रक्कम नसेल, तर ते काम होतच नाही. म्हणून शासनाने आणि देणगीदारांनी स्कॅनिंगच्या प्रत्येक कामात सूचीकाराचे वेतन वेगळे धरावे, मोडी शिकलेल्या तरुणांना त्या जागांवर कायम नेमावे आणि सूची होईल तेवढी, अपुरी असली तरी, लगेच सर्वांना खुली करावी.