ऑरगॅनिक सर्टिफिकेट महाग का? ॲप काढलं तर स्वस्त होईल?

माझे मामा गगनबावड्यात रासायनिक खत न घालता नाचणी पिकवतात. गेल्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट मोबाइलवरनं निघतंय काय रे?" मी सॉफ्टवेअरवाला. वाटलं, यात काय अवघड? फॉर्म, फोटो, क्यूआर कोड, झालं! मग हिशेब मांडला आणि माझी चूक कळली.

ॲपला एक युजर वाढला तर खर्च जवळपास वाढतच नाही. सर्टिफिकेशन कंपनीचं उलटं असतं. प्रत्येक नव्या शेतामागे निरीक्षकाचा पगार, प्रवास, गरज पडली तर लॅबची तपासणी आणि रिपोर्ट पडताळणाऱ्याचा वेळ. हा झाला थेट खर्च. 2001 पासून चालू असलेल्या 'एनपीओपी' या सरकारी योजनेत ही तपासणी दरवर्षी होते.

समजा, एका भेटीला 6000 रुपये लागले. मामांची नाचणी 2 क्विंटल, म्हणजे किलोला 30 रुपयांचा बोजा. 100 क्विंटलवाल्याला तोच बोजा फक्त 60 पैसे! शेत तेवढंच प्रामाणिक, पण मार छोट्यालाच बसतो.

यावर उपाय म्हणजे गट. एनपीओपीत 25 ते 500 शेतकरी एकत्र येऊ शकतात. आतली तपासणी गटच करतो, कंपनी निवडक शेतं बघते. दुसरी वाट 'पीजीएस-इंडिया'. इथे किमान 5 शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. बाहेरचा निरीक्षक लागत नाही, पण हे सर्टिफिकेट निर्यातीला चालत नाही. आणि शेजाऱ्याचा वेळ जातोच.

मग टेक्नॉलॉजी कशाला? अपेडाची 'ट्रेसनेट' प्रणाली कुठून किती माल निघाला याची नोंद ठेवते. शेतात पिकलं त्यापेक्षा जास्त माल विकायला निघाला तर तो पकडायला अशी नोंद कामी येते. पण रात्री कुणी फवारणी केली का, हे क्यूआर कोडला दिसत नाही. त्यासाठी बांधावर माणूसच लागतो.

म्हणून कुणी 'शंभर टक्के ऑनलाइन, झटपट ऑरगॅनिक सर्टिफिकेट' विकत असेल, तर एकच प्रश्न विचारा: शेतावर कोण येणार?

मामांना मी ॲप दिलं नाही. म्हटलं, "आधी चार शेजारी गोळा करा."